श्वासाची फेअर वही

खोटी वही मला लांबून ओळखू येते, असा माझा समज होता. समज कसला, माज होता.

दम्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी काम करते, इथे सिडनीत, पॅरामॅटापासून बसने वीस मिनिटांवर. माझं काम प्रयोगशाळेतलं नाही, कागदांतलं आहे. नव्या औषधाची किंवा नव्या डोसची चाचणी चालू असते, तिच्यात लहान मुलं भाग घेतात, आणि त्यांचे आईबाप घरी रोजच्या नोंदी करतात. सकाळी मुलाने पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायचं. ही एक साधी प्लास्टिकची नळी असते, तिच्यावर काटा. जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. आकडा मोठा आला तर श्वासनळ्या मोकळ्या, लहान आला तर आत सूज. तीनदा फुंकायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. मुलांना हे झकास जमतं. जमत नाही ते आईबापांना. त्या वह्या खऱ्या आहेत का, हे बघायचं काम माझ्याकडे.

खरी वही घाणेरडी असते. एका प्लंबर बापाची वही मला अजून आठवते. पहिला आठवडा निळ्या पेनने, दुसरा मुलीच्या हिरव्या स्केचपेनने, एका पानावर टोमॅटो सॉस. दोन दिवस रिकामे, आणि त्यांच्यापुढे लिहिलेलं, 'सॉरी मेट, फरगॉट.' मध्येच एक आकडा धाडकन खाली आणि शेजारी, 'धुळीत खेळली, रात्रभर खोकली.' मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

खोटी वही स्वच्छ असते. एकच पेन, एकच दाब, एकही दिवस चुकलेला नाही, आकडे कसे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. आणि बोलायला जीभ जड होते, पण माझ्या टेबलावर आलेल्या सगळ्यात स्वच्छ वह्या आपल्या लोकांच्या होत्या. पुण्या-मुंबईचे, शिकलेसवरलेले, आयटीत आणि बँकांत मोठ्या हुद्द्यांवर असलेले.

मला त्याचं कारणही माहीत होतं, कारण मी त्याच गिरणीतलं पीठ आहे. आपण सगळे जर्नलं लिहून मोठे झालो. प्रॅक्टिकलला रीडिंग घ्यायची ती रफ कागदावर, मग घरी येऊन फेअर वहीत उतरवायची. सर सही करायचे ती फेअरवर. रफ कागदाचं पुढे काय झालं, हे कोणी कधी विचारलं नाही. आणि रफमधून फेअरमध्ये येताना जे रीडिंग रेषेवर बसत नसेल ते अलगद रेषेवर सरकायचं. ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सीला मी टायट्रेशनचं उत्तर आधी ठरवून त्यावरून ब्युरेटची रीडिंग मागे मागे काढलेली आहेत, आणि मैत्रिणींनाही काढून दिलेली आहेत. त्याला आम्ही खोटं म्हणत नव्हतो. जर्नल कम्प्लीट करणं म्हणत होतो.

म्हणून एकदा आपल्यातला एक बाप, सॉफ्टवेअरवाला, वहीबरोबर लॅपटॉपवर काढलेला रंगीत आलेखही घेऊन आला, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "हे सगळं आत्ता गाडीत बसून भरलंत ना?" तो बिचकलाही नाही. म्हणाला, "मॅडम, ॲप्रॉक्झिमेट आहे, पण करेक्ट आहे." मी त्याला असा काही झापला की तो पुन्हा माझ्याशी मराठीत बोलला नाही. घरी जेवताना मी हा किस्सा नकलेसकट सांगितला. माझा नवरा पोट धरून हसला. लेकही हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

लेक दहा वर्षांची आहे. दमा चौथ्या वर्षापासून. इथे दम्याच्या मुलांचं फार कौतुकही नाही आणि बाऊही नाही. प्रत्येक वर्गात चार-पाच असतात, दप्तरात निळा पफर, म्हणजे इन्हेलर असतो, शाळेच्या ऑफिसात कागद लावलेला असतो की हिला त्रास झाला तर काय करायचं. निळा पफर त्रास झाल्यावर घ्यायचा. दुसरा एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. त्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं, ते आतली सूज दाबून ठेवतं. सगळी गंमत त्या दुसऱ्यात आहे. तो घेतला की पोर बरी दिसते, आणि पोर बरी दिसली की घरच्यांना वाटायला लागतं, आता कशाला घ्यायचा.

आमच्याकडे हे वाटणं पुण्याहून यायचं, दर रविवारी, व्हिडिओ कॉलवर. सासूबाई नातीला बघायच्या, "किती गं वाळलीस" म्हणायच्या आणि मग मुद्द्यावर यायच्या.

"अजून तो पंप चालूच आहे का?"

"हो आई, रोजचा आहे तो."

"सवय लागते गं त्याची. मुलीची जात. उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"जेवणाचीही सवय लागते, आई," असं मी एकदा बोलून गेले. त्यानंतर दोन रविवार फोन फक्त नवऱ्याच्या मोबाइलवर आला. तो त्यांच्यासमोर काही बोलायचा नाही. "हो गं, बघतो गं" करत राहायचा. फोन ठेवल्यावर मात्र लेकीच्या छातीकडे जरा जास्त वेळ बघत बसायचा. माणूस वाईट नाही हो. तिच्या वेण्या तो घालतो, डबा तो भरतो, तिला पोहायला त्याने शिकवलं. आईला काहीतरी चांगली बातमी द्यावी, एवढाच त्याचा सोस. त्या सोसाने घात केला.

अशात दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक चाचणी सुरू झाली. ज्या मुलांचा दमा बरेच महिने शांत आहे, त्यांचा प्रिव्हेंटर निम्म्यावर आणला तर चालतो का, हे बघायचं होतं. प्रश्न चांगला होता. माझ्याच संस्थेतल्या चाचणीत मला लेकीला घालता आलं नसतं, पण ही बाहेरची होती. फॉर्म मीच आणला. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी नवऱ्यावर इतकी ओरडले आहे की वाचणाऱ्याला वाटेल मी कुठेतरी लांब उभी होते. फॉर्म मी आणला, सही मी केली. स्टेरॉइड कमी झालं तर मलाही हवंच होतं.

पहिले चार आठवडे जुना डोस ठेवून नुसत्या नोंदी करायच्या. आकडे स्थिर राहिले तर डोस निम्मा, आणि मग पुन्हा नोंदी. मी सकाळी सव्वासहाला घर सोडते, लेक उठते पावणेसातला. म्हणजे सकाळचं फुंकणं नवऱ्याकडे. आणि वही एका हातात असलेली बरी, म्हणून संध्याकाळचंही त्याच्याकडे गेलं. मला तेव्हा बरंच वाटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या उपसून आल्यावर घरची वही उघडायची मला शिसारी यायची. "कशी आहे वही?" मी विचारायचे. "एकदम मस्त," तो म्हणायचा. झालं. जगाच्या वह्या तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या पोरीची वही एकदाही उघडून बघितली नाही.

चार आठवड्यांनी हॉस्पिटलात गेलो. चाचणीच्या नर्सने वही चाळली, ठेवून घेतली आणि नवी दिली, लेकीने तिथल्या मोठ्या मशीनमध्ये फुंकलं, तेही ठीक आलं. दमा असा हलकट असतो, डॉक्टरसमोर शहाण्यासारखा वागतो. डोस निम्मा झाला. नवऱ्याने पार्किंगमधूनच आईला मेसेज केला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्याचा फोटो पाठवला.

पुढच्या दोन महिन्यांत मला काय काय दिसलं होतं, ते आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. ती जिना एका दमात चढेनाशी झाली होती. बाथरूममध्ये गेली की नळ सोडून ठेवायची, आणि नळाच्या आवाजाखाली खोकायची. मी दारावर टकटक केली की आतून यायचं, "आय'म फाइन!" मी विचारायचे, "छातीत कसं वाटतंय गं?" तर "गुड." इथली मुलं सगळ्याला गुड म्हणतात, म्हणून मी सोडून दिलं. आणि मनात कुठेतरी होतंच, वही मस्त आहे ना, मग काय.

ऑगस्ट संपत आला की आमच्याकडे जंगलखात्याची माणसं डिसेंबरातल्या उन्हाळ्याआधी मुद्दाम लहान लहान आगी लावतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही. वारा पडला की तो धूर पश्चिमेकडच्या उपनगरांवर बसून राहतो. शाळेच्या ॲथलेटिक्स कार्निव्हलच्या, म्हणजे धावण्याच्या शर्यतींच्या दिवशी सकाळी पेंडल हिल स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांच्या नाकावर रुमाल होते. मी नवऱ्याला फोन केला, "आज धूर आहे, तिला पळायला पाठवू नकोस." तो म्हणाला, "अगं, सकाळचा आकडा दोनशे ऐंशी आहे. पळू दे की." मी ट्रेनमध्ये होते. दोनशे ऐंशी म्हणजे तिच्या मानाने उत्तम. मी म्हटलं, बरं.

पावणेएकला शाळेतून फोन आला. आठशे मीटरमध्ये ती मध्येच बसली होती. पफर दिला, पुन्हा दिला, उतार पडेना, ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. मी कामावरून कशी निघाले ते मला माहीत नाही. नवरा घरून काम करत होता, तो आधी पोचला. मी इमर्जन्सीत शिरले तेव्हा लेक पलंगावर पुढे झुकून बसली होती, दोन्ही हात गादीवर टेकवून, ऑक्सिजनचा मास्क लावून. गळ्याच्या खालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मला बघून तिने बोलायचा प्रयत्न केला. एका श्वासात एक शब्द. "आई." मग श्वास. "आय'म." मग श्वास. तिसरा शब्द निघेना, पण मला तो माहीत होता.

डॉक्टरबाईने विचारलं, गेल्या काही आठवड्यांत त्रास वाढत होता का? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नो, नो, शी हॅज बीन परफेक्ट. वी हॅव द रेकॉर्ड्स."

डॉक्टरबाईने लेकीच्या छातीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.  छाती इतकी सुजायला एका दिवसाचा धूर पुरत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आठवडे लागतात.

तिला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरी दिसायला लागली, टोस्ट मागायला लागली, तेव्हा तिचे कपडे आणायला मी घरी गेले. नवरा तिच्याजवळ थांबला. चार्जर शोधायला स्वयंपाकघरातला खालचा खण उघडला. त्यात वही होती, आणि वहीखाली सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कागदांचा गठ्ठा, क्लिप लावून ठेवलेला. कागदांच्या पांढऱ्या कडांवर पेन्सिलीने आकडे लिहिलेले. तारखा टाकलेल्या. नवऱ्याचं अक्षर.

मी जमिनीवर बसले आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

कागदावर, एका सकाळी: दोनशे वीस, दोनशे पाच, दोनशे पंधरा. वहीत त्याच सकाळी, निळ्या पेनने: दोनशे पंच्याऐंशी. पुढच्या सकाळी कागदावर तीन नाही, पाच आकडे, मग त्याच्या पुढच्या आठवड्यात सात. पहिला एकशे पंच्याण्णव, सातवा दोनशे पंचेचाळीस, सातव्याभोवती गोल. वहीत दोनशे ऐंशी. कार्निव्हलच्या सकाळी कागदावर एकशे ऐंशी, एकशे पंच्याहत्तर, आणि पुढे काहीच नाही, शाळेला उशीर झाला असणार. वहीत दोनशे ऐंशी. आणि वही काय सुंदर होती म्हणून सांगू! मुद्दाम कुठे पाच वर, कुठे पाच खाली, खरं वाटावं म्हणून. रफ आणि फेअर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आजपर्यंत पुरती उतरलेली नाही.

मी कागद आणि वही पिशवीत कोंबली, लेकीचे कपडे विसरले, आणि हॉस्पिटलात जाऊन नवऱ्याला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. गाडीच्या बॉनेटवर ते कागद आपटले.

"हे काय आहे?"

त्याने बघितलं. नाकारलं नाही. "अगं, ती नीट फुंकायची नाही. झोपेत असायची. चार-पाचदा फुंकायला लावलं की वाढायचा ना आकडा? म्हणजे खरा तो जास्तच होता."

"सातव्यांदा दोनशे पंचेचाळीस आलाय. वरचे पस्तीस कोणी फुंकले? तू?"

"थोडं ॲडजस्ट केलं. एकदम खाली गेलेला आकडा चुकीचाच असतो ना, आउटलायर—"

"आउटलायर? अरे मूर्खा, तोच तर दमा आहे! त्यासाठीच तर वही आहे! खाली गेलेला आकडा दिसावा म्हणून लोकांनी अख्खं शास्त्र उभं केलंय, आणि तू तो खोडतोस?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"बघू देत. पहिल्या चार आठवड्यांचं काय? त्या वहीतही हेच?"

तो बॉनेटवरचे कागद गोळा करायला लागला. म्हणजे डोस निम्मा झाला तोच मुळात खोट्यावर.

"आईला वाटत होतं की…" तो म्हणाला.

"आईचं नाव काढू नकोस. त्या पुण्यात आहेत. पेन तुझ्या हातात होतं."

मग त्याने मान वर केली. "तूच सांगितलंयस ना, टायट्रेशनची रीडिंग उलटी काढायचीस म्हणून? किती हसून सांगायचीस. मी तेच केलं. तेव्हा तुला त्यात काही वाईट दिसलं नाही."

मला त्याला ओरबाडावंसं वाटलं. कारण तो खरं बोलत होता. मी फक्त एवढंच म्हणू शकले, "ती प्रॅक्टिकल नाहीये रे. ती आपली पोर आहे."

तो रडायला लागला. पार्किंगमध्ये, ट्रॉली घेऊन जाणाऱ्या माणसांसमोर. मला दया आली नाही. नंतर आली, पण तेव्हा नाही.

डोळे पुसून त्याने जे मागितलं ते ऐका. "चाचणीवाल्यांना सांगू नकोस. डोस वाढवून घेऊ, ॲटॅक आला म्हणून ते वाढवतीलच. कागद कशाला दाखवायचे? आपल्या लोकांबद्दल काय म्हणतील? आणि तुझी नोकरी याच क्षेत्रातली आहे."

आणि मी, जिने त्या सॉफ्टवेअरवाल्या बापाला झापलं होतं, ती मी दहा मिनिटं गाडीत बसून खरंच विचार करत राहिले. कागद रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकले की प्रश्न मिटला. जाहिरातीचेच कागद होते. माझं नाव राहील. चाचणीत एका पोरीबद्दल नुसतं लिहिलं जाईल की आकडे उत्तम होते, तरी अचानक ॲटॅक आला. आणि मग कोणीतरी हुशार माणूस त्यावरून ठरवेल की घरचे आकडे बघण्यात काही अर्थ नाही, किंवा औषध कमी केलं की काही मुलांना काही सूचना न मिळता असं होतं. आणि दुसऱ्या कुठल्यातरी पोरीचा डोस त्या वाक्यावर ठरेल. हे मला इतकं लख्ख कळत होतं, तरी दहा मिनिटं लागली. मला त्या दहा मिनिटांचा राग नवऱ्याच्या तीन महिन्यांइतकाच आहे.

मी चाचणीच्या नर्सला फोन केला आणि वॉर्डमध्येच बोलावलं. ती आली, पन्नाशीची, सगळ्यांना डार्लिंग म्हणणारी. मी तिच्यासमोर वही ठेवली आणि शेजारी कागद ठेवले, आणि कुठलं खरं ते सांगितलं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. तिने शांतपणे दोन-तीन पानं ताडून बघितली. मला वाटलं आता ही भडकेल. मला ती भडकायला हवी होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक्स फॉर टेलिंग अस. नो वरीज, वी'ल सॉर्ट इट."

नो वरीज! पोर नाकाला नळी लावून बसली आहे, तुमची चाचणी आम्ही सडवली आहे, आणि नो वरीज? मी म्हणाले, "प्लीज, डोन्ट से दॅट." तिने चमकून बघितलं आणि मान हलवली. मग ती तिच्या कामाला लागली. लेकीला चाचणीतून काढलं, प्रिव्हेंटर पूर्वीइतका करायला डॉक्टरना सांगितलं, आमच्या दोन्ही वह्या बाद म्हणून लिहिल्या, कागदांच्या प्रती काढून घेतल्या. सगळं पाऊण तासात झालं. कोणी आम्हाला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

जाण्याआधी नर्स म्हणाली, आजचा एक खरा आकडा घेऊन ठेवू, म्हणजे इथून पुढे मोजायला बरं. तिने खिशातून नवा मीटर काढला आणि लेकीच्या हातात दिला. लेक पलंगावर ताठ बसली. मीटर कसा धरायचा, ओठ कसे मिटायचे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने काटा शून्यावर आणला, खोल श्वास घेतला, आणि मग तशीच थांबली. मीटर तोंडापासून खाली घेतला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं.

"बाबा," तिने विचारलं, "हाउ मच डू वी नीड टुडे?"

नर्सला वाटलं पोर गंमत करते आहे, ती हसली. नवरा हसला नाही. तो खाली बसला, तिथेच, वॉर्डच्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून.

 मी म्हटलं, "किती काय गं? काही नकोय कोणाला. जेवढा आहे तेवढा फुंक."

तिला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बापाकडे, त्याचा चेहरा हातांत होता. मग तिने फुंकलं. जीव खाऊन फुंकलं, गालांवर लाल चट्टे आले. दोनशे दहा. नर्सने आकडा वाचायच्या आत लेकीने तो तळव्याने झाकला आणि म्हणाली, "वेट, आय कॅन गो अगेन." तिला खोकला आला, तो तिने तोंड मिटून आतल्या आत दाबला, आणि खोकला संपल्यावर, मीटर तसाच झाकलेला ठेवून, हळू आवाजात म्हणाली, "सॉरी, आई."

दहा वर्षांची पोर माझ्याकडे स्वतःच्या श्वासाची माफी मागत होती. नर्सने मला विचारलं, व्हाय इज शी सॉरी? त्या खोलीतल्या दोन माणसांना उत्तर माहीत होतं.